थांबायचे की निघायचे?

रुग्णवाहिकेबद्दलची एक तक्रार आपल्याकडे वारंवार ऐकू येते. ‘गाडी वेळेवर आली, पण दारातच उभी राहिली. पेशंटला आत घेऊन निघायचे सोडून डॉक्टर नाडी बघत बसले.’ दुसरी तक्रार बरोबर उलटी असते. ‘काहीच केले नाही हो, नुसते उचलले आणि घेऊन गेले.’ तक्रार करणारी माणसे घाबरलेली असतात आणि त्यांचा राग समजण्यासारखा असतो. पण कित्येकदा दोन्ही ठिकाणी पथकाने केलेले बरोबरच असते.

‘याला कोणता आजार झाला आहे?’ हा प्रश्न पथकासाठी दुसऱ्या क्रमांकाचा असतो. पहिला प्रश्न असा: ‘या माणसाचा जीव पुढच्या काही मिनिटांत कशाने जाऊ शकतो, आणि त्यावरचा इलाज माझ्या गाडीत आहे की रुग्णालयात?’ इलाज गाडीत असेल तर थांबायचे, रुग्णालयात असेल तर निघायचे. रुग्णवाहिकेतले जवळजवळ सगळे काम या एका निर्णयाभोवती फिरते. तो कसा घेतला जातो हे ठाऊक असेल, तर त्या वेळी नातेवाईक म्हणून आपण कसे वागायचे हेही कळते.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यातल्या २३३ गाड्या प्रगत जीवरक्षक म्हणजे ‘एएलएस’ प्रकारच्या होत्या आणि ७०४ मूलभूत म्हणजे ‘बीएलएस’ प्रकारच्या. एएलएस गाडीत व्हेंटिलेटर, हृदयाचा आलेख दाखवणारा मॉनिटर आणि हृदयाला विजेचा झटका देणारे डिफिब्रिलेटर ही यंत्रे असतात. बीएलएस गाडीत ऑक्सिजन, अंबू बॅग, सक्शन, सलाइन आणि प्रथमोपचाराचे साहित्य असते. अनेक राज्यांत १०८ वर प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. महाराष्ट्राने मात्र गाडीत डॉक्टर ठेवण्याची पद्धत स्वीकारली. यातले बरेच डॉक्टर आयुष शाखांचे पदवीधर असतात आणि त्यांना आपत्कालीन सेवेचे वेगळे प्रशिक्षण दिले जाते. गाडीत माणसे दोनच, डॉक्टर आणि चालक. चालकाला या सेवेत ‘पायलट’ म्हणतात आणि स्ट्रेचर उचलण्यापासून अनेक कामांत तो डॉक्टरचा जोडीदार असतो.

दारातून आत येण्याआधी

तपासणी रुग्णाला हात लावण्याआधीच सुरू होते. पथक आधी जागा बघते. तिथे वीज आहे का, वायू आहे का, वाहनांची वर्दळ आहे का? हे बघण्यात भित्रेपणा नाही. जुन्या विहिरीत किंवा शौचटाकीत उतरलेला एक माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि तिघेही मरतात, अशा बातम्या दरवर्षी येतात. खाली साचलेल्या वायूने पहिला गेलेला असतो आणि वाचवणारे त्याच वायूत उतरलेले असतात. रुग्णवाहिकेचा डॉक्टर चौथा ठरला तर कोणालाच उपयोग नाही.

जागा निदानही सांगते. समजा, एक तरुणी बंद बाथरूममध्ये बेशुद्ध सापडली. घरचे म्हणतात, ‘चक्कर आली असेल, सकाळपासून काही खाल्ले नव्हते.’ बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९९ टक्के दाखवतो. पण बाथरूमच्या भिंतीवर गॅसचा गिझर आहे, खिडकी बंद आहे आणि आरसा अजून वाफेने धुरकट आहे. जाणत्या डॉक्टरला एवढे पुरते. हा कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो आणि साध्या ऑक्सिमीटरला दोहोंतला फरक कळत नाही, म्हणून आकडा फसवा येतो. गिझर बंद करायचा, खिडकी उघडायची, तिला मोकळ्या हवेत आणायचे आणि आकड्याकडे दुर्लक्ष करून मास्कने भरपूर ऑक्सिजन सुरू करायचा. इथे उपचार यंत्राने सुचवलेला नसतो, भिंतीकडे बघून सुचलेला असतो.

पाच पायऱ्या, ठरलेल्या क्रमाने

रुग्णापाशी पोहोचल्यावर जगभरची पथके एकच क्रम पाळतात. इंग्रजी अक्षरांत त्याला एबीसीडीई म्हणतात: श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, मेंदूची स्थिती आणि अंग उघडून तपासणी. हा क्रम पाठांतरासाठी बनवलेला नाही. बंद श्वासमार्ग काही मिनिटांत मारतो, म्हणून तो पहिला. आणि एका पायरीवर बिघाड सापडला की तो दुरुस्त केल्याशिवाय पुढच्या पायरीवर जायचे नाही, असा नियम आहे. सगळी तपासणी उरकून मग उपचार, ही दवाखान्यातली सवय इथे चालत नाही.

श्वासमार्गात सगळ्यात जास्त दिशाभूल करते ते घोरणे. ‘आता शांत झोपलेत, घोरताहेत’ हे वाक्य ऐकले की अनुभवी डॉक्टर पावलांचा वेग वाढवतो. बेशुद्ध माणसाची जीभ सैल होऊन मागे पडते, श्वासाची वाट अर्धी बंद होते आणि घोरल्यासारखा आवाज येतो. ही झोप नव्हे. कपाळ मागे आणि हनुवटी वर केली की तो आवाज पुष्कळदा लगेच थांबतो. अपघातात मानेला इजा असण्याची शंका असेल तर मान न वाकवता फक्त जबडा पुढे ढकलतात. तोंडात रक्त किंवा उलटी असेल तर सक्शनने ओढून काढतात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात प्रेमाने घातलेले दोन घोट पाणीही याच वाटेने फुप्फुसात उतरते, म्हणून डॉक्टर आल्या आल्या विचारतात, ‘काही पाजले का?’

श्वासात बघायचे ते वेग आणि कष्ट. निरोगी प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. तीसच्या वर वेग गेला किंवा वाक्य पुरे करता येत नसेल, तर ऑक्सिमीटर काहीही म्हणो, रुग्ण गंभीर आहे. दमेकरी धापा टाकता टाकता एकदम शांत आणि पेंगुळलेला झाला, तर घरच्यांना हायसे वाटते. डॉक्टरला धडकी भरते, कारण रुग्ण दमून श्वास घ्यायचे सोडत असतो. ऑक्सिजनही सरसकट द्यायची वस्तू राहिलेली नाही. बहुतेक रुग्णांत ९४ ते ९८ टक्के हे लक्ष्य असते. फुप्फुसाच्या जुनाट ‘सीओपीडी’ आजारात ८८ ते ९२ टक्के पुरे असतात, कारण त्याहून जास्त ऑक्सिजनने काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. छातीत दुखणाऱ्या पण ऑक्सिजनची पातळी चांगली असणाऱ्या माणसाला मास्क लावला नाही, तर तो हलगर्जीपणा नसतो.

रक्ताभिसरणात सामान्य माणूस विचारतो, ‘बीपी किती?’ पथक त्याआधी हात धरते. तळवा गार आणि घामेजलेला आहे का, मनगटावर नाडी लागते का, नख दाबून सोडले तर गुलाबी रंग दोन सेकंदांत परततो का? तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून आणि नाडीचा वेग वाढवून बीपी बराच काळ टिकवून धरते. अंगातले जवळपास तीस टक्के रक्त जाईपर्यंत आकडा बरा दिसू शकतो आणि मग तो एकदम कोसळतो. दुचाकीवरून पडलेला, पोटात मार बसलेला मुलगा बोलतो आहे, बीपी ११० आहे, पण नाडी १३० आणि अंग गार आहे. अशा मुलाला ‘ठीक आहे’ म्हणून मागे ठेवणे ही मोठी चूक ठरते.

मेंदूची स्थिती आधी ढोबळपणे बघतात. जागा आहे, हाक मारल्यावर बघतो, चिमटा काढल्यावर हालतो, की काहीच नाही? मग बाहुल्या आणि रक्तातली साखर. शेवटी अंग उघडून बघायचे. पाठ, काखा, पाय. साप चावल्याची खूण, दाबून बसलेली जखम, अंगावर आलेल्या गांधी पुष्कळदा कपड्यांखाली दडलेल्या असतात.

हे सगळे वाचायला वेळ लागतो. सवयीच्या हाताला बहुतेक तपासणीला दोन मिनिटेही लागत नाहीत.

जिथे थांबायलाच हवे

हृदय बंद पडलेला रुग्ण हे थांबण्याचे सगळ्यात ठळक उदाहरण आहे. नातेवाईक ओरडत असतात, ‘आधी गाडीत घाला!’ पण त्याला लागणारा उपचार म्हणजे छातीवर जोरकस, अखंड दाब आणि गरज असेल तर विजेचा झटका. दोन्ही जमिनीवरच नीट देता येतात. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायची असते. जिन्यातून स्ट्रेचर उतरवताना किंवा खड्ड्यांतून धावणाऱ्या गाडीत ते जमत नाही. झटक्याने सुधारू शकणाऱ्या हृदयबंदीत, कोणी छाती दाबत नसेल, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. म्हणून पथक रुग्णाला पलंगावरून उचलून फरशीवर ठेवते आणि तिथेच कामाला लागते. गाडीत माणसे दोनच असल्यामुळे डॉक्टर शेजाऱ्यालाही गुडघ्यावर बसवून दाब द्यायला लावतो. दोन मिनिटांत कोणाचेही हात दमतात, म्हणून आळीपाळीने करावे लागते.

रक्तातली साखर उतरणे हे दुसरे. मधुमेही आजोबा सकाळी उठत नाहीत, तोंडाला फेस, एक हात लुळा. घरचे ‘पॅरालिसिस’ म्हणून मोकळे होतात. ग्लुकोमीटर ३२ दाखवतो. शिरेतून ग्लुकोज दिले की काही मिनिटांत आजोबा विचारतात, ‘एवढी गर्दी का?’ म्हणूनच लकवा वाटणाऱ्या प्रत्येक रुग्णाची साखर आधी तपासतात. मात्र ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर ‘आता बरे वाटतेय, राहू द्या’ म्हणणे धोक्याचे आहे. या गोळ्यांचा परिणाम लांबतो आणि साखर काही तासांनी पुन्हा उतरते. अशा रुग्णाने शुद्धीवर येऊनही रुग्णालयात जायलाच हवे.

किल्ल्यावर आग्या मोहोळ उठले आणि डंखांनंतर कोणाचा चेहरा सुजला, अंगावर गांधी आल्या, घसा आवळला, तर ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन मांडीच्या स्नायूत तिथल्या तिथे द्यावे लागते. प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम. ते देण्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी पोहोचायची वाट बघायची नसते.

प्रसूतीचेही तसेच. रस्त्यात बाळाचे डोके दिसू लागले तर पायलट गाडी कडेला घेऊन थांबवतो. हलत्या गाडीत बाळंतपण करणे आई आणि बाळ दोघांना धोक्याचे. बाळ कोरडे करून आईच्या छातीवर उघड्या अंगाला लावून ठेवायचे, वर कापड घालायचे, आईचा रक्तस्राव बघायचा आणि मग पुढे निघायचे.

जिथे एक मिनिटही थांबायचे नाही

उलट बाजू मोठ्या अपघाताची. पोटात किंवा छातीत आत रक्त वाहत असेल तर ते थांबवणारा माणूस शस्त्रक्रियागृहात असतो. रुग्णवाहिकेत बाहेरचा रक्तस्राव दाबून धरता येतो, श्वासमार्ग मोकळा ठेवता येतो, मोडलेला ओटीपोटाचा सांगाडा पट्ट्याने आवळता येतो. रक्त गोठायला मदत करणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड तीन तासांच्या आत दिले तर फायद्याचे ठरते, हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रॅश-२’ या मोठ्या अभ्यासाने दाखवले. यापलीकडचे सारे रुग्णालयात. म्हणून घटनास्थळी दहा मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नये, असा दंडक पथके पाळू पाहतात. सलाइनची सुई लागत नसेल तर ती चालत्या गाडीत लावायची.

लकवाही निघण्याचा आजार आहे. मेंदूतली गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नसल्याची खात्री करावी लागते. हे गाडीत शक्य नाही. पथक साखर बघते आणि एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते, ‘यांना शेवटचे धडधाकट कधी पाहिले?’ रात्री दहाला झोपले आणि सकाळी सहाला तोंड वाकडे दिसले, तर घड्याळ दहापासून मोजायचे. वाढलेले बीपी गाडीत घाईने उतरवत नाहीत, कारण अर्धवट उपाशी असलेल्या मेंदूला त्या क्षणी तो दाब लागतो. आणि गाडी सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयाकडे वळवतात. सर्वांत जवळचे रुग्णालय नेहमीच योग्य रुग्णालय असते असे नाही.

थोडे थांबून निघायचे

बहुतेक रुग्ण या दोन टोकांच्या मध्ये असतात. हृदयविकाराच्या झटक्यात काही मिनिटे थांबून ईसीजी काढणे फायद्याचे असते, कारण त्यावरून अँजिओप्लास्टीची सोय असलेले रुग्णालय गाठायचे की कसे हे ठरते आणि तिथे आधीच फोन करता येतो. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि कुठे रक्तस्राव होत नसेल तर डॉक्टर साधारण ३०० मिलिग्रॅमची मात्रा चावून खायला देतात. आणि रुग्णाला जिना उतरू देत नाहीत. ‘मी चालतो की’ म्हणणाऱ्याला खुर्चीतून नेण्याचा आग्रह धरतात, कारण प्रत्येक पायरी दुखावलेल्या हृदयावर ताण टाकते. मधुमेही आणि स्त्रियांमध्ये छातीत दुखण्याऐवजी नुसती धाप, घाम, मळमळ एवढेच असू शकते. ‘ॲसिडिटी आहे’ हे निदान घरी झालेले असते, ते पथकाला बाजूला ठेवावे लागते.

सर्पदंशात निर्णय अधिक नाजूक होतो. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप मुख्य आणि आपल्याकडचे प्रतिविष याच चौघांवर चालते. ते रुग्णालयात मिळते, म्हणून निघायचे, हे खरे. पण मण्यार आणि नागाचे विष स्नायू लुळे करते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि मग श्वास मंदावतो. अशा वेळी अंबू बॅगने श्वास देत राहणे हा जीव वाचवणारा उपचार गाडीतच असतो. हात-पाय हलत नाहीत, पापण्या उघडत नाहीत, म्हणून घरच्यांना माणूस गेलेला वाटतो. प्रत्यक्षात त्याला सगळे ऐकू येत असू शकते. कोणीतरी सतत श्वास देत राहिले तर असे रुग्ण पूर्ण बरे होऊन घरी जातात. दोरी आवळून बांधणे, चिरा देणे, विष तोंडाने ओढणे यांनी फक्त नुकसान होते. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा आणि रुग्णाला चालवायचे नाही.

कीटकनाशक पोटात गेले असेल तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून लाळ, अंगाला घाम, छातीत घरघर. अंगावरचे भिजलेले कपडे काढून त्वचा धुणे हा इथे उपचाराचा भाग आहे, कारण विष कातडीतूनही शिरत राहते. ॲट्रोपिन जागेवर सुरू करून निघायचे आणि फुप्फुसातला ओलावा कमी होईपर्यंत ते वाढवत न्यायचे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे या वेळी टाळायलाच हवे.

जगाने हे कसे शिकले

हा वाद जुना आहे. १९६६ मध्ये बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलमधल्या फ्रँक पँट्रिज या हृदयरोगतज्ज्ञाने मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे सुमारे सत्तर किलो वजनाचे डिफिब्रिलेटर रुग्णवाहिकेत बसवले आणि हृदयरुग्णाकडे रुग्णालयच नेले. फ्रान्सनेही गाडीत डॉक्टर ठेवून जागेवर उपचार करण्याची पद्धत रुजवली. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मात्र प्रशिक्षित पॅरामेडिकने स्थिर करून लवकर रुग्णालय गाठायचे, यावर भर राहिला. ३१ ऑगस्ट १९९७ च्या रात्री पॅरिसमध्ये राजकन्या डायना यांच्या मोटारीला अपघात झाला. त्यांना रुग्णालयात पोहोचायला दीड तासाहून अधिक वेळ लागला, तेव्हा या दोन पद्धतींवर जगभर चर्चा झाली. त्यांची इजा हृदयाजवळच्या रक्तवाहिनीची, म्हणजे शस्त्रक्रियागृहातच दुरुस्त होण्यासारखी होती. लवकर पोहोचल्या असत्या तरी त्या वाचल्या असत्या का, यावर तज्ज्ञांचे एकमत झाले नाही.

वादापेक्षा अभ्यासांनी जास्त शिकवले. अमेरिकेतील ह्यूस्टनमध्ये छातीत किंवा पोटात गोळी वा सुरा लागलेल्या ५९८ रुग्णांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना सलाइन शस्त्रक्रियेपर्यंत रोखून धरले त्यांच्यापैकी ७० टक्के वाचले, ज्यांना वाटेतच भरपूर दिले त्यांच्यापैकी ६२ टक्के. रक्तस्राव थांबलेला नसताना सलाइन ओतले तर रक्त पातळ होते आणि धरलेली गुठळी सुटते. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात २००४ साली आणखी एक गोष्ट दिसली. झटपट डिफिब्रिलेशनची सोय आधीच असलेल्या शहरांत हृदय बंद पडलेल्या रुग्णांसाठी नळी घालणे, शिरेतून औषधे देणे अशा प्रगत उपचारांची भर घातली, तरी वाचणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ तेवढेच राहिले, पाच टक्क्यांच्या आसपास. फरक पडला तो कोणीतरी हृदय बंद पडताना पाहिले होते का, जवळच्या माणसाने छाती दाबली का आणि झटका लवकर मिळाला का, यांनी.

म्हणजे गाडीत किती यंत्रे आहेत यापेक्षा कोणत्या रुग्णाला काय आणि कधी दिले याला महत्त्व आहे. आणि पहिल्या काही मिनिटांतला सगळ्यात मोलाचा उपचार पांढऱ्या कोटातल्या नव्हे, तर घरातल्या किंवा रस्त्यावरच्या माणसाच्या हातात असतो.

गाडी धावत असताना

गाडी निघाली म्हणजे काम संपले असे होत नाही. गंभीर रुग्णाची पाच पायऱ्यांची तपासणी साधारण दर पाच मिनिटांनी पुन्हा करतात, स्थिर रुग्णाची पंधरा मिनिटांनी. एकदा घेतलेल्या बीपीच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. तीन आकड्यांची दिशा सांगते की रुग्ण सुधारतोय की घसरतोय. रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टर काय झाले, कधी झाले, काय सापडले, काय दिले आणि त्याचा काय परिणाम झाला, हे मिनिटभरात सांगतो. या मिनिटात मध्ये बोलू नये. ‘दहा वाजता ॲट्रोपिन दिले’ हे एक वाक्य हरवले तर पुढच्या डॉक्टरची मात्रा चुकू शकते.

आपल्या हातात काय?

फोनवर आधी ठिकाण सांगा. गाव, रस्ता, जवळची खूण, कितवा मजला. मग रुग्ण शुद्धीवर आहे का आणि नीट श्वास घेतोय का, हे सांगा. नियंत्रण कक्षातला माणूस प्रश्न विचारतो त्यामुळे गाडी उशिरा निघते, हा गैरसमज आहे. त्या उत्तरांवरूनच कोणती गाडी पाठवायची हे ठरते. फोन आधी ठेवू नका.

गाडी येईपर्यंत एकाने कोपऱ्यावर उभे राहावे. सोसायटीचे फाटक उघडावे, लिफ्ट तळमजल्यावर थांबवून ठेवावी, अंगणातली दुचाकी बाजूला करावी, रात्र असेल तर सगळे दिवे लावावेत. रुग्णाच्या चालू गोळ्यांच्या पट्ट्या, जुने कागद आणि विषबाधा असेल तर ती बाटली पिशवीत भरून ठेवावी. ‘एक पांढरी गोळी सकाळी घेतात’ या माहितीचा उपयोग होत नाही.

बेशुद्ध माणसाला काही पाजू नये. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावे. फीट आली असेल तर कांदा, चप्पल, चमचा यांपैकी काहीही नाकाशी किंवा तोंडात नेऊ नये. आजूबाजूच्या टणक वस्तू हलवून घड्याळ बघावे, कारण फीट पाच मिनिटांहून जास्त चालली तर ती थांबवायचे औषध लागते आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारणार. हाक मारूनही माणूस हलत नसेल आणि श्वास नसेल किंवा मधूनच आचके दिल्यासारखा येत असेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात दाबायला सुरुवात करावी. बरगडी मोडेल या भीतीने थांबू नये.

रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती अजून लोकांच्या मनात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायला वैद्यकीय पदवी लागत नाही.

आणि पथक दारात थांबले, तर डॉक्टरला सरळ विचारा, ‘आत्ता काय करताय, मी काय धरू?’ बहुतेक वेळा ते सलाइनची बाटली हातात देतील, किंवा छाती दाबायला आपल्या शेजारी बसवतील. गाडीत एकाच शांत, माहितगार नातेवाइकाने बसावे. बाकीच्यांनी दुसऱ्या वाहनाने सावकाश यावे आणि वाटेत रुग्णवाहिकेच्या मागे सिग्नल तोडत धावू नये.